गौतमीपुत्र शातकर्णी: आधी पडद्यावर, मग पांडवलेण्यात, मग पुन्हा पडद्यावर

हा चित्रपट आम्ही दोन बैठकांत बघतो आणि मधला एक दिवस नाशिकच्या पांडवलेण्यांसाठी राखून ठेवतो. सव्वादोन तासांच्या तेलुगू लढाईपटासाठी एवढा खटाटोप कशाला, असं पहिल्यांदा ऐकणारा विचारतोच. गौतमीपुत्र शातकर्णी या सातवाहन राजाबद्दल जे काही ठामपणे सांगता येतं त्यातलं बरंचसं नाशिक जिल्ह्यात सापडलंय, आणि चित्रपट मात्र हैदराबादजवळ, मोरोक्कोत आणि जॉर्जियात घडलाय. दोन्ही बाजू डोळ्यांखालून गेल्या की चित्रपटाची गोडी वाढते. इतिहासाच्या चुका काढायला म्हणून कुणी हे करू नये. त्या कसोटीवर तो अर्ध्या तासात नापास होतो आणि मग उरलेले पावणेदोन तास नुसती चिडचिड होते.

‘गौतमीपुत्र शातकर्णी’ १२ जानेवारी २०१७ ला, संक्रांतीच्या तोंडावर लागला. दिग्दर्शक क्रिश. नायक नंदमुरी बालकृष्ण, आणि हा त्यांचा शंभरावा चित्रपट. आदल्याच दिवशी चिरंजीवींचा दीडशेवा लागला होता, म्हणजे आंध्र-तेलंगणात त्या आठवड्यात काय वातावरण असेल याची कल्पना करावी. हेमा मालिनी राजमाता गौतमी बलश्री, श्रिया सरन राणी वाशिष्ठी, कबीर बेदी शत्रुराजा नहपान. शंभरावा चित्रपट ही गोष्ट नुसती आकडा म्हणून सोडू नये. बालकृष्ण हे एन. टी. रामारावांचे चिरंजीव, त्या वेळी हिंदुपूरचे आमदारही. जवळजवळ प्रत्येक प्रसंग राजापाशीच येऊन का थांबतो, याचं निम्मं उत्तर त्यात आहे.

आता प्रत निवडणं. हिंदी डब शक्यतो नको. तेलुगूतही संवाद बहुधा नंतर स्टुडिओतच मुद्रित होतात, पण नायकाच्या तोंडी गळा आणि श्वास त्याचाच असतो. दुसरं कारण जरा बारीक आहे. तेलुगू शब्द सहसा स्वरावर संपतो, त्यामुळे वाक्य संपताना नटाचे ओठ उघडे राहतात. हिंदी शब्द बहुधा व्यंजनावर बंद होतो. मग डब लिहिणारा उघड्या ओठांची जागा भरायला ‘है’, ‘तो’, ‘ना’ पेरत जातो आणि सरळ धारेचं वाक्य पाणी घातल्यासारखं होतं. शिवाय डब आवृत्तीत गाणी कापायची सवय आहे. प्रत सुरू करण्याआधी लांबी बघायची. मूळ चित्रपट १३५ मिनिटांचा आहे. त्याहून वीस-पंचवीस मिनिटं कमी दिसली तर कात्री लागलीय असं धरून चालायचं. चित्र टीव्हीचा पडदा पूर्ण भरून येत असेल तर दोन्ही बाजू छाटल्यात. वर-खाली काळ्या पट्ट्या दिसल्या पाहिजेत. रांगा लावून उभ्या सैन्याच्या दृश्यात बाजूची छाटणी म्हणजे सैन्याचीच छाटणी.

टीव्हीवर तीन गोष्टी करून घ्यायच्या. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करायची. प्रत्येक कंपनीने तिला वेगळं नाव दिलंय, पण चित्राच्या सेटिंगमध्ये ‘मोशन’ शब्द असलेलं जे काही असेल ते हेच. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा असतो. टीव्ही मधल्या चौकटी स्वतः तयार करून घालतो, आणि मग तलवारीचा वार दूरदर्शन मालिकेतल्यासारखा दिसायला लागतो. मंद गतीच्या दृश्यांत तर घोड्याच्या पायाभोवती चित्र वितळल्यासारखं होतं. दुसरं, आवाज. ५.१ ध्वनिमिश्रणाची, म्हणजे सहा स्पीकरसाठी केलेली प्रत टीव्हीच्या दोन स्पीकरवर लावली की संवाद दबतो आणि नगारे अंगावर येतात. संवादासाठी आवाज वाढवायचा, लढाई आली की घाईने कमी करायचा, हा खेळ टाळायचा असेल तर ‘नाइट मोड’ किंवा संवाद उठावदार करणारी सोय चालू करावी. साधे हेडफोन त्याहून बरे. तिसरं, सबटायटल. मोरोक्कोतल्या दृश्यांत खालची अर्धी चौकट पिवळट वाळूची आहे. पांढरी अक्षरं तिथे चक्क गायब होतात. अक्षरांमागे काळी पट्टी देण्याची सोय असते, ती आधीच लावून ठेवायची. युद्धाच्या मधोमध रिमोट शोधत बसलात तर नहपानाचा निम्मा डाव हातचा जातो.

भाषेची भीती मात्र बाळगू नये. साई माधव बुर्रा यांचे संवाद जाणूनबुजून तत्सम शब्दांकडे झुकलेले आहेत, कारण राजाच्या तोंडी ग्रांथिक वळणाची तेलुगू शोभते अशी तिकडची जुनी समजूत आहे. ही समजूत पद्यनाटकातून आली. पेटीच्या सुरावर पद्य आळवणारा नट, आणि लांबलेल्या तानेवर ‘वन्स मोअर’ देणारं पब्लिक. संगीत नाटक ठाऊक असलेल्या मराठी प्रेक्षकाला हे परकं वाटायचं कारण नाही. या चित्रपटातलं सगळ्यात गाजलेलं वाक्य घ्या: ‘समयम् लेदु मित्रमा. शरणमा, रणमा?’ ‘लेदु’ म्हणजे नाही. एवढा एकच शब्द शिकायचा, बाकी सगळं आपलंच. वेळ नाही मित्रा. शरण की रण? आता जरा कान देऊन ऐका. तीन शब्द ‘मा’वर संपतात. पहिला ‘मा’ हाक मारण्याचा आहे, पुढचे दोन प्रश्नाचे, कारण तेलुगूत शब्दाच्या शेवटी ‘आ’ जोडला की प्रश्न होतो. म्हणजे ज्या सुरात मित्र म्हणून पुकारलं त्याच सुरात युद्धाचं आव्हान दिलंय. सबटायटलमध्ये अर्थ येतो, हा घाट येत नाही. तो कानानेच घ्यायचा.

आणखी पाच-सहा शब्द सोबत असले की वाचन निम्म्यावर येतं. तल्लि म्हणजे आई. कोडुकु म्हणजे मुलगा. बिड्ड म्हणजे लेकरू. गुर्रम् म्हणजे घोडा. कत्ति म्हणजे तलवार किंवा सुरी, आणि आपल्याकडेही जुन्या मराठीत कत्ती आहेच. युद्धं, राज्यं, रक्तं, धर्मं यांच्या शेवटचा अनुस्वार सोडला की काम झालं. अडतात ते अस्सल देशी शब्द, आणि ते जास्त करून गाण्यांत येतात. गीतकार सिरिवेन्नेल सीताराम शास्त्री. त्यांच्या गाण्यात एका ओळीत लांबलचक समास आणि दुसऱ्या ओळीत खेड्यातला शब्द असा मेळ असतो. तिथे अर्थाच्या मागे धावू नये.

पहिल्या बैठकीचा एकच नियम: इतिहास बाजूला ठेवायचा. वहीत फक्त वेळ टिपायची आणि समोर एका शब्दात शंका लिहायची. ‘४० मि., राजपुत्र ओलीस?’ इतकंच. चित्रपट थांबवून मोबाइलवर शोधायला लागलं की लय मोडते. ती मोडली की या जातीचा चित्रपट हास्यास्पद दिसतो, आणि तो दोष चित्रपटाच्या माथी मारला जातो.

कथा थोडक्यात अशी. लहानपणीच आईपुढे देश एक करण्याचं स्वप्न बोलून दाखवणारा मुलगा मोठा होऊन दक्षिणेतली राज्यं जिंकतो. उरतो सौराष्ट्राचा नहपान, जो मांडलिकांचे मुलगे ओलीस ठेवून त्यांना गप्प बसवतो. तो शातकर्णीचाही मुलगा मागतो. राजा मुलाला, लहानग्या पुळुमावीला, स्वतःच रणांगणावर घेऊन जातो. राणी आडवी येते. मग नहपानाचा पाडाव, राजसूय, आईच्या नावाचा मान, आणि शेवटी ग्रीकांची स्वारी. उत्तरार्ध पूर्वार्धापेक्षा सैल आहे. ग्रीक आल्यावर कथेला नवा शत्रू मिळतो, नवा प्रश्न मिळत नाही.

तेलुगू प्रेक्षक अशा चित्रपटात ‘एलिव्हेशन’ मोजतो. नायकाला एकेक पायरी वर चढवत नेणारं दृश्य असा त्याचा अर्थ. रचना ठरलेली असते: आधी दुसरा कुणी नायकाबद्दल बोलतो, मग वस्तू दिसते (पाय, तलवार, घोड्याची आयाळ), मग पाठमोरी आकृती, मग चेहरा, आणि चेहऱ्यावर संगीताचा ठोका. एकदा ही पायवाट कळली की ठोका नेमका कुठे पडणार हे आधीच कळतं, आणि मजा तिथेच असते. सम कुठे येणार हे माहीत असूनच आपण तबला ऐकतो. चिरंतन भट्ट यांचं पार्श्वसंगीत बऱ्याचदा चेहऱ्याच्या किंचित आधी उठतं. थिएटरमध्ये त्या फटीत शिट्ट्या आणि ‘जय बालय्या’ची आरोळी बसते. घरी ती जागा रिकामी राहते, म्हणून घरी बघणाऱ्याला संगीत उगाच मोठं वाटतं. सोलापुरात, भिवंडीत किंवा पुण्यात मोठ्या नटाचा तेलुगू चित्रपट लागतो तेव्हा एकदा तरी गर्दीच्या खेळाला जाऊन बसावं. सोलापूरच्या पद्मशाली वस्तीत अशा खेळाला जाणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या मराठी-तेलुगू दोन्ही बोलणारी आहेत. शेजारी बसलात तर वाक्याचा अर्थ फुकट मिळतो. तिकीट काढताना भाषेच्या रकान्यात ‘तेलुगू’ लिहिलंय ना आणि सबटायटलचा उल्लेख आहे ना, हे बघून घ्यावं. दोन्ही गोष्टी गृहीत धरल्या की फसगत ठरलेली.

लढाया. यांसाठी पहिल्या बैठकीनंतर तासभर वेगळा काढायचा आणि नहपानाबरोबरची लढाई पुन्हा लावायची. आधी आवाज बंद करून. आवाज गेला की पाच मिनिटांत कळतं की दिग्दर्शकाने रणांगणाचा नकाशा प्रेक्षकाला दिलाय की नाही. आपलं सैन्य डावीकडून उजवीकडे जात असेल तर ते शेवटपर्यंत तसंच जायला हवं. मधे कॅमेरा दोन सैन्यांना जोडणाऱ्या काल्पनिक रेषेच्या पलीकडे उडी मारून गेला की दोन्ही सैन्यं एकाच दिशेला पळताना दिसतात. उंचावरून घेतलेलं, सगळं मैदान दाखवणारं दृश्य किती वेळाने परत येतं ते मोजावं. दोन मिनिटांत एकदाही आलं नाही तर लढाई उरत नाही, नुसत्या चकमकींची माळ होते. क्रिश हे दृश्य बऱ्यापैकी वेळेवर परत आणतात. खरं मैदान आणि खरी धूळ मिळाल्याचा हा फायदा. चित्रीकरण ७९ दिवसांत उरकलंय, आणि इतक्या थोड्या दिवसांत एवढा पसारा उभा राहिला तो मोरोक्कोतल्या वार्झाझातच्या तयार चित्रनगरीमुळे आणि वाळवंटामुळे. ग्रीकांशी शेवटची लढाई जॉर्जियात काझबेगीच्या डोंगराळ भागात आहे. हिरवळ, गार उजेड, मागे पर्वत. दोन लढायांचा रंगच इतका वेगळा की संवाद न ऐकताही कुठली ते सांगता येतं.

मग आवाज चालू करून मंद गतीची दृश्यं बघायची. सेकंदाला जास्त चौकटी टिपल्या आणि २४ने दाखवल्या की हालचाल ताणली जाते. त्यात तीन गोष्टी उघड्या पडतात. तलवार हलकी असेल तर वार थांबताना तिचं टोक थरथरतं. तारेवर उडवलेला माणूस गुडघे न वाकवताच जमीन सोडतो, कारण उडी त्याची नसते, ओढ वरून असते. आणि संगणकावर वाढवलेल्या गर्दीत मागच्या रांगा एकाच तालात हलतात, त्यांच्या पायाशी धूळ उडत नाही. हे दिसलं म्हणून चित्रपट वाईट ठरत नाही; कुठे पैसा संपला आणि कुठे अक्कल वापरली ते कळतं. घोडेस्वारांचे पाय मात्र कुठल्याही ऐतिहासिक चित्रपटात बघू नयेत. लोखंडी रिकीब शातकर्णीच्या काळात नव्हती, पण तिच्याशिवाय शेकडो स्वारांना दौडत न्यायला कुठलाही साहसदृश्यवाला तयार होणार नाही. हाडं मोडतात.

आता मधला दिवस. पांडवलेणी नाशिकच्या नैर्ऋत्येला, मुंबई-आग्रा महामार्गालगत. सकाळी लवकर चढावं. पायऱ्यांची वाट वीस-पंचवीस मिनिटांची. लेणी २४, आपल्याला हवीत दोन, क्रमांक ३ आणि क्रमांक १०. तिसरं ओळखायला सोपं आहे: व्हरांड्याचे सहा खांब, खाली तुळई खांद्यावर घेतलेले ठेंगणे गण, आणि आतल्या दारावर सांचीच्या तोरणासारखं कोरीव काम. सोबत टॉर्च हवा, आणि तो समोरून मारायचा नाही. भिंतीला जवळजवळ टेकवून कडेने मारला की ब्राह्मी अक्षरांच्या खाचांत सावली पडते आणि अक्षर उठतं. समोरून मारलात तर सपाट दगड दिसतो आणि लेख झिजलाय अशी चुकीची समजूत होते. भिंतीला हात लावू नये हे सांगायला नको.

व्हरांड्याच्या मागच्या भिंतीवर बलश्रीचा लेख आहे. प्राकृतात. सुरुवातीलाच काळ दिलाय: वासिष्ठीपुत्र श्रीपुळुमावीच्या राज्याचं वर्ष ‘एकुनवीसे’, दिवस ‘तेरसे’. एकुनवीसे म्हणजे एकोणीस. दोन हजार वर्षांच्या तोंडावर आलेला शब्द मराठी माणसाला शब्दकोश न उघडता कळतो, आणि त्यानंतर तेलुगू चित्रपट बघताना हा राजा कुणाचा हा वाद जरा पोरकट वाटायला लागतो. लेख लिहवणारी बाई स्वतःला महाराजाची आई आणि महाराजाची आजी म्हणवते. मुलगा बहुधा हयात नाही, नातू गादीवर आहे, आणि ती भिख्खूंना लेणं दान देताना मुलाचे गुण सांगते. ‘खतियदपमानमदन’, क्षत्रियांचा दर्प आणि मान उतरवणारा. ‘सकयवनपल्हवनिसूदन’, शक, यवन, पल्हवांचा संहार करणारा. ‘खखरातवसनिरवसेसकर’, क्षहरातांचा म्हणजे नहपानाचा वंश निःशेष करणारा. ‘तिसमुदतोयपीतवाहन’, ज्याच्या वाहनांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं तो.

दोन ओळींपाशी मात्र थांबायचं. एक, ‘अविपनमातुसुसूसाक’: आईच्या सेवेत खंड न पडू देणारा. दुसरी म्हणते की अपराधी शत्रूचाही जीव घ्यायला तो नाखूश असे. संहार करणारा आणि जीव घ्यायला नाखूश, ही दोन्ही विशेषणं एकाच दमात येतात आणि आईला त्यात काही विसंगत वाटत नाही. प्रशस्ती, म्हणजे राजाची स्तुती करणारा लेख, अशीच असते. चित्रपटही नेमका असाच आहे. देश एक व्हावा, रक्त थांबावं म्हणून लढतो असं राजा सांगत राहतो आणि पडद्यावर रक्त वाहत राहतं. समीक्षकांनी यावर बोट ठेवलं की आम्हाला पांडवलेण्यातली भिंत आठवते. हा चित्रपट चरित्र म्हणून बघायला गेलात तर पोकळ, प्रशस्ती म्हणून बघितलात तर परंपरेला धरून. त्याच भिंतीवर ‘विनिवतितचातुवणसंकर’ही आहे, चार वर्णांचा संकर थांबवणारा. सगळ्यांना एका देशात आणू पाहणाऱ्या पडद्यावरच्या राजाशी ही ओळ काही जुळत नाही.

तिथून दहाव्या लेण्यात जायचं. हे नहपानाच्या घरचं: त्याचा जावई उषवदात आणि मुलगी दक्षमित्रा यांची दानं इथे कोरलीत. ७०,००० कार्षापण (चांदीची नाणी) म्हणजे २,००० सुवर्ण (सोन्याची नाणी), एका सुवर्णाला ३५ कार्षापण, असा विनिमयाचा दरसुद्धा दिलाय. खांबांचा घाट बघून पुन्हा तिसऱ्यात आलात तर जिंकणाऱ्यांच्या लेण्यात हरलेल्यांच्या खांबांचीच धाटणी उचललेली दिसते. पडद्यावरचा नहपान दूर सौराष्ट्रात, वाळवंटाच्या पलीकडे बसलेला आहे. खरा नहपान आणि त्याची माणसं नाशिक, कार्ले, जुन्नर इथे होती. म्हणजे मोरोक्कोच्या वाळूत जी लढाई दिसते, तिची खरी जागा गोदावरीच्या आणि सह्याद्रीच्या परिसरात कुठेतरी असणार.

विजयाचा सगळ्यात बोलका पुरावा मात्र शस्त्राचा नाहीच. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी इथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला, तेरा हजारांवर नाणी. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर शातकर्णीने आपला छाप पुन्हा ठोकलेला. नाणं नखापेक्षा थोडं मोठं. एका बाजूला नहपानाचा चेहरा, त्यावर तीन कमानींचा डोंगर उमटवलाय. कधी नाक उरतं, कधी नुसता कपाळाचा पट्टा. वितळवून नवी पाडायला वेळ आणि जळण लागतं, शिक्का मारून मोकळं होणं स्वस्त. शिवाय बाजारात नाणं हातात घेणाऱ्या प्रत्येकाला जुना राजा कुणी झाकला ते दिसतं. अशा नाण्यावर एखादं दृश्य झकास रंगलं असतं. वेळ असेल तर त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाणेशास्त्र संस्थेचं संग्रहालय आहे, तिथे जाऊन यावं. सुट्टीचा वार आधी विचारून घ्यावा.

दुसरी बैठक आठवड्याभरात झाली पाहिजे. त्याहून लांबवली की लेण्यातलं डोळ्यांपुढून जातं. या वेळी सबटायटल बंद करून मोजकीच दृश्यं बघायची आणि पहिल्या बैठकीतल्या शंका सोडवायच्या. राणीचं नाव वाशिष्ठी कुठून आलं? मुलगा ‘वासिष्ठीपुत्र’ म्हणवतो, म्हणून आई वाशिष्ठी. लेखकाने मुलाच्या नावावरून बायको शोधलीय. आईचं नाव आधी लावण्याचा सोहळा? नाव खरं, सोहळा चित्रपटाचा. सातवाहनांत आईच्या गोत्राचं नाव मिरवणारा हा पहिला ठळक राजा, पण तसं त्याने यज्ञमंडपात जाहीर केल्याचं कुठे लिहिलेलं नाही. राजसूय? तो नाणेघाटातल्या लेखात येतो, आणि तो याच्या कितीतरी आधीच्या शातकर्णीच्या काळचा. दोन शातकर्णींची गोधडी शिवलीय. ग्रीक दिमित्रियस? या नावाचा ज्ञात मोठा राजा बॅक्ट्रियाचा, ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा. तब्बल अडीच-तीनशे वर्षांचा घोटाळा. उगादी आणि शकाची सुरुवात या राजाशी जोडण्याची कथा आपल्या गुढीपाडव्याच्या शालिवाहनाचीच बहीण आहे. इसवी सन ७८ चा शक अभ्यासक कुषाण किंवा क्षत्रपांकडे नेतात.

आणि अमरावती. पडद्यावर राजधानी म्हणून झळकते ती अमरावती, कृष्णाकाठची. आपलं पैठण बिचारं बाजूला. याचा राग मानणाऱ्यांनी तारखा बघाव्यात. २०१४ मध्ये आंध्रची फाळणी झाली, २०१५ मध्ये अमरावतीला नव्या राजधानीची पायाभरणी झाली, आणि पुढच्याच वर्षी हा चित्रपट घडत होता. दोन्ही तेलुगू राज्यांनी त्याचा करमणूक करही माफ केला. दोन राज्यं झालेल्या लोकांना एका राजाची गोष्ट हवी होती. टॉलेमीच्या भूगोलात मात्र पुळुमावीची राजधानी ‘बैठण’ अशीच येते, म्हणजे पैठण. ते तिथे पक्कं आहे, त्यासाठी चित्रपटाशी भांडायची गरज नाही.

दुसऱ्या बैठकीत एक दृश्य मुद्दाम पूर्ण बघायचं: मुलाला रणांगणावर नेण्याआधी राणी राजाला अडवते ते. चित्रपटभर सगळे राजाचं गुणगान करतात. इथे एक माणूस ‘नाही’ म्हणतो. श्रिया सरनला संवाद कमी आणि राजाला जास्त आहेत, तरी कॅमेरा तिच्यावर किती वेळ टिकतो ते घड्याळाने मोजा. प्रशस्तीत पत्नीला जागाच नाही. ती या चित्रपटाने स्वतःच्या खिशातून दिलीय.

शेवटची लढाई संपली की आम्ही पडदा बंद करतो आणि पांडवलेण्यातून वहीत उतरवून आणलेल्या दोन राजाज्ञा मोठ्याने वाचतो. दोन्ही तिसऱ्याच लेण्याच्या व्हरांड्यातल्या. पहिली वर्ष १८ ची, विजयी सैन्याच्या तळावरून सोडलेली: गोवर्धनच्या अमात्य विण्हुपालिताला हुकूम, की आजवर उषवदाताकडे असलेलं २०० निवर्तनं (निवर्तन हे जमिनीचं जुनं माप) शेत या डोंगरावरच्या भिख्खूंना द्यावं. युद्ध नुकतंच संपलंय आणि जमिनीच्या नोंदी बदलतायत. दुसरी वर्ष २४ ची, राजा आणि राजमाता दोघांच्या नावे, अमात्य सामकाला. भिख्खूंना आधी कखडी गावात शेत दिलं होतं, त्याचं काय झालं ते त्यात येतं: ‘तं च खेत न कसते, स च गामो न वसति.’ ते शेत कसलं जात नाही, ते गाव वसलेलं नाही. म्हणून शहराच्या शिवेवरच्या राजाच्या जमिनीतून १०० निवर्तनं द्यावीत.